पेपरमिंटचं तेल घरात: कुठे वापरावं, कुठे हात आखडता घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पेपरमिंट इसेन्शियल ऑइलची १५ मिलीची बाटली आणली आहे. चौदा महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली आहे. सासूबाईंना ॲसिडिटी आणि गॅसेसचा त्रास आहे, म्हणून त्या जेवणानंतर कोमट पाण्यात या तेलाचे दोन थेंब टाकून घेतात. नवऱ्याचं डोकं वरचेवर दुखतं, ओट्यावर मुंग्या येतात आणि घरात एक मांजरही आहे. यातलं काय चालेल आणि काय नाही?

बाळाचं आधी सांगते. बाळाच्या नाकाखाली, छातीवर, पाठीवर, उशीवर, वाफेच्या पाण्यात किंवा खोलीतल्या डिफ्युझरमध्ये, कुठेही हे तेल नको. आजच नव्हे, बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत नकोच. सासूबाईंचे थेंबही आजपासून बंद करा. डोकेदुखी आणि मुंग्यांसाठी वापरता येईल, कसं ते खाली लिहिते. मांजरीचा विषय वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे.

मी औषधनिर्माती, म्हणजे फार्मासिस्ट आहे. दुकानात सुगंधी तेलंही ठेवते आणि ती मागायला येणाऱ्यांशी रोज बोलते. बहुतेकांना हे तेल म्हणजे पुदिन्याचा अर्क, म्हणजे चटणीचाच मोठा भाऊ, असं वाटतं. आपल्या भाजीवाल्याकडे जुडी मिळते तो पुदिना बहुधा स्पिअरमिंट असतो. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो आणि त्यात मेंथॉल जवळजवळ नसतं. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा संकर. त्याच्या तेलात साधारण ३० ते ५५ टक्के मेंथॉल असतं, शिवाय मेंथोन, सिनिऑल, थोडं मेंथोफ्युरान आणि पुलेगोन. शेवटची दोन यकृताला त्रासदायक असल्यामुळे औषधी दर्जाच्या तेलात त्यांच्यावर मर्यादा घातलेली असते.

तिसरा प्रकार आपल्या बाजारात सर्वांत जास्त मिळतो तो मेंथा अर्व्हेन्सिसचा, म्हणजे जपानी पुदिन्याचा. उत्तर प्रदेशात बाराबंकी, रामपूर, संभल, बदायूँ या पट्ट्यात त्याची मोठी शेती आहे. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं त्याचे कोसी, हिमालय असे वाण काढले आणि मेंथा तेलाचे वायदे एमसीएक्स या वायदेबाजारात चालतात. या तेलात मेंथॉल ७० टक्क्यांच्या वर जातं. ते गार करून मेंथॉलचे खडे वेगळे काढतात. पानवाला ठंडकसाठी चिमूटभर टाकतो ते हेच. खडे काढल्यावर उरलेलं तेल स्वस्त असतं आणि कधीकधी तेच ‘पेपरमिंट’ म्हणून बाटलीत भरलं जातं. म्हणून लेबलवर ‘मेंथा पिपेरिटा’ हे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा. नुसतं ‘मिंट ऑइल’ लिहिलं असेल तर आत काय आहे ते धरून चालू नका. ‘शुद्ध’, ‘थेरप्युटिक ग्रेड’ हे शब्द विक्रेत्यानं स्वतःच लिहिलेले असतात. अशी श्रेणी देणारी कुठलीही सरकारी यंत्रणा नाही.

आता मेंथॉल शरीरात नक्की काय करतं ते सांगते, कारण पुढची सगळी उत्तरं त्यातून निघतात. त्वचेत, नाकात, तोंडात गारवा ओळखणारे मज्जातंतू असतात. त्यांच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. हवा गार झाली की ते उघडतं आणि मेंदूला ‘गार आहे’ असा निरोप जातो. मेंथॉल त्या प्रथिनाला चिकटून तेच दार उघडतं. हवा गार झालेली नसते, तरी निरोप मात्र खरा जातो. हा शोध २००२ मधला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी तो आपापल्या प्रयोगशाळेत लावला आणि तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांवरच्या कामासाठी २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांनाच मिळालं.

तर हे तेल गारवा आणत नाही, गारव्याची बातमी पोचवतं. डोकेदुखीत ती बातमी उपयोगी पडते, चोंदलेल्या नाकात दिलासा देते आणि तान्ह्या बाळात तीच श्वास रोखू शकते.

बाळाच्या नाकात आणि घशाच्या वरच्या भागात मेंथॉलचा जोरदार झोत गेला तर शरीर ‘पाणी नाकात शिरलं’ अशा थाटात वागतं. स्वरयंत्र आवळलं जातं आणि श्वास काही क्षण थांबतो. मोठ्या माणसाला याचा ठसका लागतो. बाळाची श्वासनलिका इतकी अरुंद आणि श्वासाचं नियंत्रण इतकं कच्चं असतं की तेवढ्यानं ते निळं पडू शकतं. म्हणूनच युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनं दोन वर्षांखालच्या मुलांना पेपरमिंट तेल वर्ज्य ठरवलं आहे. ज्या मुलाला तापात किंवा एरवी कधी आकडी आली असेल त्यालाही ते देऊ नये, मग वय कितीही असो. दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या चेहऱ्याला आणि छातीला मी स्वतः लावायला सांगत नाही.

याच ओघात कापराचंही बोलायला हवं, कारण आपल्या घरांत पेपरमिंटपेक्षा तो जास्त असतो. ओवा आणि कापूर यांची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी ठेवायची पद्धत आहे. करोनाच्या लाटेत तर कापूर, लवंग, ओव्याच्या पोटलीनं ऑक्सिजन वाढतो असा संदेश घरोघरी फिरला होता. ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना काही मिनिटांत आकडी येऊ शकते. ओव्याची कोरडी पुरचुंडी आजीच्या समाधानासाठी लांब ठेवायची तर ठेवा, पण त्यात कापूर नको आणि बाळाच्या हाताला ती लागायला नको.

मग सर्दी झालेल्या बाळाला करायचं काय? नाकात सलाइनचे थेंब, दूध पाजण्याआधी नाक साफ करणं, थोडं थोडं पण वारंवार दूध-पाणी, एवढंच. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, पण सर्दीवर याहून चांगलं काही नाही. एक गोष्ट मात्र मोजायला शिका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, असे आकडे आले किंवा बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला तर डॉक्टरांकडे लगेच जायचं.

आता मोठ्यांचं नाक. पेपरमिंट हुंगल्यावर नाक ‘उघडलं’ असं वाटतं. हवा आत जाताना होणारा अडथळा यंत्रानं मोजला तर मेंथॉलआधी आणि नंतर त्यात फारसा फरक दिसत नाही. आतली सूज तेवढीच असते. तरी त्या वाटण्याला मी कमी लेखणार नाही. रात्री झोप लागत नसेल तर ‘हवा जातेय’ ही भावनाही पुष्कळ असते. त्यासाठी रुमालावर एक थेंब टाकून तो उशीपासून हातभर लांब ठेवा. दम्याच्या माणसानं मात्र हे टाळावं, कारण अशा तीव्र वासानं छाती आवळू शकते.

वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची घ्या. गरम पाण्यात तेल टाकलं की मेंथॉल एकदम उडतं आणि डोळे झोंबतात. घ्यायचंच असेल तर एकच थेंब, डोळे मिटून, आणि पातेलं गॅसवरून उतरवून टेबलावर ठेवलेलं असावं. लहान मुलांना टॉवेलखाली बसवून वाफ देऊ नका. तेलापेक्षा उकळतं पाणी जास्त घातक असतं. २०२० मध्ये करोनाच्या काळात वाफ घेताना भाजलेली मुलं अचानक वाढल्याचं बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आपल्याकडे पातेलं मांडीवर किंवा पलंगावर ठेवून वाफ घ्यायची सवय आहे, तेव्हा धोका इथेही तोच.

सासूबाईंच्या थेंबांकडे येते. पेपरमिंट तेल पोटासाठी औषध म्हणून वापरलं जातं हे खरं आहे. आतड्याच्या भिंतीतले स्नायू ते सैल करतं, त्यामुळे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, म्हणजे ज्यात पोटात मुरडा येतो, फुगतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ असं चालतं, त्यात फायदा होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्याला जागा आहे. पण ते औषध म्हणजे कॅप्सूल असते. साधारण ०.२ मिली तेल एका खास आवरणात बंद केलेलं असतं आणि ते आवरण जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. एवढा खटाटोप करतात कारण तेल जठरात मोकळं झालं तर ते अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडपही सैल करतं. झडप सैल झाली की आम्ल वर येतं आणि छातीत जळजळ होते. म्हणजे ॲसिडिटीसाठी थेंब घ्यायचे आणि त्यांनीच ॲसिडिटी वाढवायची. घेतल्यावर घशात गार वाटतं, त्यामुळे जळजळ थांबली असा भास होतो. अर्ध्या-एक तासानं ती परत येते आणि मग सासूबाई आणखी दोन थेंब घेतात. हा क्रम मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे.

दुसरं, तेल पाण्यात विरघळत नाही. पेल्यात वर तरंगणारा तो थर पहिल्या घोटालाच ओठाला, जिभेला आणि घशाला तसाच, न सौम्य झालेला, लागतो. तोंडाच्या आतलं अस्तर त्यानं भाजू शकतं. पित्ताशयात खडे असतील, पित्तनलिकेत अडथळा असेल किंवा हायटस हर्निया असेल, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला असेल, तर कॅप्सूलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॅप्सूल घेतानाच ॲसिडिटीचं औषध घेतलं तर आवरण जठरातच विरघळू शकतं, हेही लक्षात ठेवा. शिवाय पोटात गेलेलं पेपरमिंट तेल काही औषधं शरीरात मोडणाऱ्या एका एन्झाइमला अडथळा करतं. रक्तदाबाच्या फेलोडिपिनची रक्तातली पातळी त्यामुळे वाढल्याचं दिसलं आहे. अवयव प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिनवर असलेल्यांनी तर त्यापासून लांबच राहावं.

गॅसेससाठी सासूबाईंना ओवा-सैंधव, बडीशेप किंवा जिऱ्याचं पाणी पुरेसं आहे. पुदिन्याची चार पानं गरम पाण्यात टाकून घेतली तरी चालेल, त्यात तेलाचं प्रमाण नगण्य असतं. जळजळ वाढतेय असं दिसलं तर तेही थांबवा. आणि पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली ॲसिडिटी, वजन उतरणं, गिळताना अडकणं किंवा काळी शौचाला होणं यांतलं काही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून एंडोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोला.

‘मग अमृतधारेचं काय? ती तर आम्ही लहानपणापासून बत्ताशावर घेतो,’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. अमृतधारा म्हणजे ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉलचेच खडे) आणि भीमसेनी कापूर. तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत भरले की आपोआप पातळ होतात, कारण मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली जातो. त्यात मेंथॉल शुद्ध स्वरूपात, भरपूर, आणि वर कापूर. मोठ्या माणसानं एखादा थेंब घेतला म्हणून मी ओरडणार नाही, पण तिची छोटी बाटली मुलांच्या हाताला लागणं पेपरमिंट तेलापेक्षाही वाईट. घरी खडे आणून अंदाजानं अमृतधारा बनवू नका.

डोकेदुखीत मात्र हे तेल खरंच कामाचं आहे. जर्मनीत पेपरमिंट तेलाचं १० टक्के अल्कोहोलमधलं द्रावण ताणाच्या डोकेदुखीवरचं मान्य औषध आहे. १९९६ मध्ये तिथे झालेल्या चाचणीत कपाळ आणि कानशिलांना ते लावल्यावर १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलएवढा आराम मिळाला. ताणाची डोकेदुखी म्हणजे दोन्ही बाजूंना पट्टा आवळल्यासारखी, मानेपासून वर येणारी, स्क्रीनसमोर बसून होणारी. तुमच्या यजमानांची तशी असेल तर करून पाहा.

घरी १० टक्के करू नका. १० मिलीच्या रोल-ऑन बाटलीत तिळाचं किंवा बदामाचं तेल भरा आणि त्यात पेपरमिंटचे चार थेंब टाका. एक मिलीत साधारण वीस थेंब धरले तर हे प्रमाण २ टक्के होतं. आठवडाभर वापरून त्रास झाला नाही तर सहा थेंबांपर्यंत, म्हणजे ३ टक्क्यांपर्यंत जा. खोबरेल तेलही चालतं, पण थंडीत ते गोठतं आणि रोल-ऑनची गोळी अडकते. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. लाली, खाज, पुरळ आलं तर बाटली बाजूला ठेवा. नंतर कानशिलांवर आणि कपाळावर केसांच्या रेषेजवळ लावायचं, भुवयांच्या खाली उतरायचं नाही, आणि लावल्यावर हात साबणानं धुवायचे. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी लेन्स आधी लावाव्यात, तेल नंतर. बाळाला कडेवर घेण्याच्या आधी हे लावू नका. बाळाचं नाक थेट वडिलांच्या कानशिलापाशी येतं.

अर्धशिशीत काहींना बरं वाटतं, काहींचं डोकं वासानंच जास्त उठतं; आपलं आपण ओळखायचं. अचानक विजेसारखी कळ येऊन सुरू झालेली डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यात तेल लावून वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

गुडघे-कंबरेला लावायचं तर वरच्याच प्रमाणात. एक गोष्ट बजावून सांगते, कारण आपल्याकडे ती सर्रास होते: मेंथॉलचं काहीही लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड किंवा घट्ट बांधलेला क्रेप बँडेज नको. मज्जातंतू ‘गार’ असा निरोप देत असतात, त्यामुळे पिशवी किती तापली आहे ते कळत नाही आणि कातडी भाजते. मेंथॉल व मिथिल सॅलिसिलेट असलेल्या मलमांनी, काहींना तर शेक न देताही, त्वचा भाजल्याचे प्रकार पाहून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१२ मध्ये तसा इशारा दिला होता. लावल्यावर आग होऊन फोड आला तर ‘औषध लागू पडतंय’ असं समजू नका, पुसून टाका.

हाच न्याय उन्हाळ्याला. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की लोक तळपायांना, मानेला पेपरमिंट चोळतात, आंघोळीच्या बादलीत टाकतात. गार वाटतं, पण शरीराचं तापमान तसूभरही उतरत नाही. उलट ‘थंडी आहे’ असा निरोप गेल्यामुळे त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडू शकते. ऊन लागलेल्या माणसाला सावली, ओला पंचा, पंखा आणि शुद्धीवर असेल तर मीठ-साखर-पाणी लागतं. ताप आलेल्या मुलाला पुदिन्याच्या तेलाच्या पाण्यानं पुसणं तर दुहेरी चूक. बादलीत टाकलेलं तेल वर तरंगतं आणि नको त्या नाजूक जागी थेट लागतं, हे एकदा ज्याला कळलं तो परत टाकत नाही.

प्रवासात उलटी होण्याबद्दल कोणी विचारलंच तर: घाटातल्या एसटीत रुमालावरचा एक थेंब काहींना बरा वाटतो. आल्याची वडी तितकीच चांगली आणि शेजारच्या सीटवरच्या बाळाला तिचा त्रास नाही.

केसांसाठी रोज कोणी ना कोणी विचारतं. ज्या संशोधनाचा सगळीकडे उल्लेख असतो ते २०१४ मधलं, कोरियातलं, आणि उंदरांवरचं आहे. ३ टक्के पेपरमिंट तेलानं चार आठवड्यांत त्यांच्या पाठीवर केस चांगले आले. माणसाच्या टकलावर ते येतात असा पुरावा नाही. टाळूला गारवा आवडत असेल तर १०० मिली खोबरेलमध्ये वीस थेंब, त्याहून जास्त नको. दातदुखीवर थेट थेंब लावू नका, हिरडी पोळते.

आता मुंग्या. मुंग्या एकमेकींनी सोडलेल्या वासाच्या मागावर चालतात. पेपरमिंटचा तीव्र वास त्या मागात गोंधळ करतो, म्हणून त्या तात्पुरत्या वाट बदलतात. आधी साबणाच्या पाण्यानं त्यांची संपूर्ण वाट पुसा, साखरेचा डबा घट्ट लावा, मग भिंतीतल्या ज्या फटीतून येतात तिथे कापसावर दोन-तीन थेंब लावून ठेवा. दोन दिवसांनी वास उडाला की परत. फवारा हवा असेल तर २०० मिली पाणी, एक चमचा भांडी घासायचं लिक्विड आणि वीस थेंब. साबणामुळे तेल पाण्यात थोडंफार मिसळतं, तरी दर वेळी हलवून घ्या. ताटवाट्यांवर, चिरलेल्या भाजीजवळ मारू नका. स्पिरिटमध्ये बनवलेला फवारा गॅसच्या शेगडीजवळ कधीही नको, हे तेल स्वतःही पेट घेतं.

फरशी पुसायच्या बादलीत तेल टाकण्याची टूम निघाली आहे. तुमचं बाळ त्याच फरशीवर रांगणार आणि तेच हात तोंडात घालणार, म्हणून तुमच्या घरी ती नको. पाल पळते का? माझ्या पाहण्यात पाल फार तर कोपरा बदलते. उंदीर एकदोन रात्री बिचकतात, मग सरावतात. त्यांच्यासाठी बिळं बुजवणं आणि सापळा हेच खरं. ढेकणांवर उपयोग नाही. डासांना थोडा वेळ लांब ठेवण्याइतपत ताकद तेलात आहे, पण ते लवकर उडून जातं. डेंग्यूच्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नका. मच्छरदाणी, साचलेलं पाणी काढणं आणि वयाप्रमाणे डीईईटी किंवा इकॅरिडिनचं क्रीम हेच धरा.

मांजरीच्या यकृतात अशी तेलं निष्प्रभ करून बाहेर टाकणारी एक रासायनिक यंत्रणा फार कमजोर असते. कुत्र्याला किंवा आपल्याला जे झेपतं ते तिला झेपत नाही. त्यात ती दिवसभर अंग चाटते. अल्ट्रासॉनिक डिफ्युझर तेलाचे बारीक तुषार हवेत सोडतो, ते तिच्या केसांवर बसतात आणि चाटताना पोटात जातात. लाळ गळणं, उलट्या, तोल जाणं, सुस्ती अशी लक्षणं दिसली तर तिला मोकळ्या हवेत न्या आणि पशुवैद्याला फोन करा. तिच्या अंगाला पिसवांसाठी हे तेल लावायचा विचारही नको. मुंग्यांसाठीचा कापूसही तिचं तोंड पोचणार नाही अशाच फटीत ठेवा. पिंजऱ्यातले पक्षी तर मांजरीपेक्षाही नाजूक. तुमच्या घरात बाळही आहे आणि मांजरही, तेव्हा डिफ्युझर सध्या माळ्यावर टाका. ज्यांच्या घरी दोन्ही नाहीत त्यांनी खिडकी किलकिली ठेवून तीन-चार थेंब, अर्धा तास, मग बंद, असा वापर करावा.

गरोदर बाईनं तेल पोटात घेऊ नये. रुमालावरचा थेंब चालतो. स्तनपान देणाऱ्या बाईनं छातीला किंवा स्तनाग्राच्या चिरांना हे तेल लावू नये. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना डांबरगोळ्यांसोबत कापूर आणि मेंथॉलही टाळायला सांगतात. घरात कोणाला ती असेल तर हे तेल आणूच नका.

अपघात झाला तर काय, हे बाटली उघडण्याआधी ठाऊक हवं. एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं. त्यात ४० टक्के मेंथॉल धरलं तर १८०० मिलिग्रॅम झालं. बारा किलोच्या मुलासाठी हे दर किलो वजनामागे १५० मिलिग्रॅम. विषशास्त्रात मेंथॉलची घातक मात्रा दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपासून पुढे धरतात. म्हणजे एक चमचा खूप झाला, आणि अर्व्हेन्सिसचं तेल असेल तर त्याहून कमी.

मुलानं तेल गिळलं तर उलटी करवू नका. उलटीत तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि तो गिळण्यापेक्षा वाईट. दूध, तूप, लिंबू काही पाजू नका. तोंड ओल्या फडक्यानं पुसा, बाटली सोबत घ्या आणि रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. मूल सुस्त असेल, झटके येत असतील, श्वास अडत असेल तर आधी १०८. डोळ्यात गेलं तर नळाच्या पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा उघडा ठेवून धुवा, मग नेत्रतज्ज्ञ. कातडीवर निव्वळ तेल सांडलं तर पाण्यानं ते पसरतं. आधी खायच्या तेलात बुडवलेल्या कापसानं पुसा, मग साबणानं धुवा.

बाटली गडद काचेची हवी, प्लॅस्टिकची नको, हे तेल काही प्लॅस्टिक विरघळवतं. थर्माकोलवर थेंब टाकून पाहा, खड्डा पडेल. रबरी फुग्याचा ड्रॉपर लावून ठेवू नका, रबर चिकट होऊन तेलात उतरतं. तोंडात बसवलेली थेंब-थेंब टाकणारी चकती असलेली बाटली उत्तम. ती तशीच राहू द्या, कारण मुलाच्या हाती लागली तरी भडाभडा ओतली जात नाही. देवघरात किंवा खाण्याच्या इसेन्सच्या शेजारी ठेवू नका. केकसाठी मिळणारा पेपरमिंट इसेन्स आधीच सौम्य केलेला असतो, आणि घाईत हात चुकला तर चॉकलेटच्या घाण्यात इसेन्सऐवजी निव्वळ तेल पडतं. कपाटात वरच्या फळीवर, गारव्याला, झाकण घट्ट. मे महिन्यात गाडीत विसरू नका.

उघडल्याची तारीख झाकणावर मार्करनं लिहा. दोन-तीन वर्षांनी वास तिखट, टर्पेंटाइनसारखा झाला की ते तेल त्वचेवर लावायचं नाही. मोरीत ओतू नका. थोड्या खायच्या सोड्यात मिसळून चपलांच्या कपाटात उघड्या वाटीत, मुलाचा आणि मांजरीचा हात-तोंड पोचणार नाही अशा वरच्या खणात ठेवा. पावसाळ्यात ओल्या बुटांचा वास मारायला ते अजून महिनाभर पुरतं.